नौकेच्या पाठभिंतीचा गाभा : निवड आणि जोडकाम

पूर ओसरला की मदतकार्यासाठी वापरलेली फायबरग्लासची नौका धुऊन, पुसून एखाद्या कार्यालयाच्या आवारात ठेवण्यात येते. त्यानंतर पुढील पावसाळ्यापर्यंत तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाहेरून पाहता तिचा रंग तसाच असतो, तळाला भेग नसते, इंजिनही वेगळे काढून कोठारात सुरक्षित ठेवलेले असते. तथापि नौकेच्या ज्या भागावर हे इंजिन टांगावयाचे, तो भाग या मधल्या काळात आतून कुजत असण्याची शक्यता असते. ऐन पुरात, नौकेत माणसे बसलेली असताना, हा भाग दगा देतो तेव्हाच त्याची खरी अवस्था उघड होते. हे टाळावयाचे असेल तर या भागाची रचना, त्यात बिघाड होण्याची कारणे आणि दुरुस्तीसाठी वापरावयाची सामग्री यांची माहिती नौका सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयास असणे अगत्याचे आहे.

पाठभिंत म्हणजे काय ?

नौकेच्या मागील टोकास जी उभी, सपाट भिंत असते, तिला तंत्रज्ञ ट्रान्सम म्हणतात. सोयीसाठी तिला येथे पाठभिंत असे म्हटले आहे. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे नौकेच्या बाहेर टांगावयाचे इंजिन, याच भिंतीवर पकडीने व बोल्टांनी बसविण्यात येते. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन साधारणतः ७० ते १०० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. परंतु पाठभिंतीवर पडणारा भार एवढ्या वजनापुरता मर्यादित नसतो. इंजिनाचा पंखा भिंतीच्या वरच्या कडेपासून बराच खाली, पाण्यात फिरतो आणि तेथून नौकेस पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिनाची पकड तरफेप्रमाणे कार्य करते. पकडीचा खालचा भाग भिंतीत रुतू पाहतो, तर वरचे बोल्ट भिंतीस मागे खेचतात. वेग एकाएकी वाढविला, पाण्याखालील झाडाचा बुंधा पंख्यास आडवा आला, किंवा इंजिन लावलेल्या स्थितीत नौका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खडबडीत रस्त्याने नेली, तर हा ताण अनेक पटींनी वाढतो.

एवढा ताण केवळ फायबरग्लासच्या पातळ थराने सोसावा अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून पाठभिंत तीन पदरी करण्यात येते. बाहेर काचतंतू व रेझिन यांचा एक थर, आत तसाच दुसरा थर आणि मध्ये लाकडाचा किंवा अन्य पदार्थाचा जाड गाभा, अशी ही रचना असते. वाकण्याचा ताण मुख्यतः दोन्ही बाजूंचे थर सोसतात. त्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवण्याचे कार्य गाभा करतो. एकजीव फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, या नियमावरून जाडीचे महत्त्व लक्षात यावे. गाभा कुजला किंवा थरांपासून सुटला, तर ही तीन पदरी भिंत प्रत्यक्षात दोन पातळ पडद्यांएवढीच उरते. हवा भरून वापरावयाच्या रबरी बचाव नौकांनाही मागे बहुधा प्लायवूडचीच घट्ट पाठभिंत बसविलेली असते. म्हणून हा विषय केवळ फायबरग्लासच्या नौकांपुरता मर्यादित नाही.

बारडोलीचे उदाहरण

या प्रश्नाचा विचार करताना सुरत जिल्ह्यातील बारडोलीसारखे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते. १९२८ च्या सत्याग्रहामुळे देशभर ज्ञात झालेले हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून आत, मिंढोळा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. उत्तरेस तापी वाहते. काक्रापारच्या कालव्यांच्या पाण्यावर या परिसरात ऊस उभा राहतो. महाराष्ट्रातील वाचकांनाही ही तापी परकी नाही. खानदेशातील पाऊस घेऊनच ती उकाईच्या जलाशयात उतरते. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी, १९६८ च्या ऑगस्टमध्ये, तापीला मोठा पूर आला होता. धरण झाल्यानंतरही २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी आसपासच्या तालुक्यांतून मिळेल ती नौका मदतीस धावते.

समुद्रावर नित्य फिरणारी मासेमारीची होडी आणि तालुक्याच्या ठिकाणी पुरासाठी राखून ठेवलेली नौका यांच्या स्थितीत महत्त्वाचा फरक आहे. होडीवर कोळी बांधवांची रोज नजर असते. राखीव नौका मात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरड्या जमिनीवर उभी असते. तिच्यात साचते ते पावसाचे गोडे पाणी. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने भिजलेल्या लाकडात अधिक सहज वाढते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असेल तर ही बुरशी सहसा फैलावत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि हवा व उष्णता मिळाली की ती झपाट्याने पसरते. दक्षिण गुजरातच्या किंवा कोकणाच्या हवामानात उष्णतेची वाण नाही. म्हणून उघड्यावर, तळाचे बूच न काढता ठेवलेली नौका समुद्रावरील होडीच्या आधी कुजली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

बिघाड कसा ओळखावा ?

फायबरग्लासचा थर स्वतः कुजत नाही. पाणी आत शिरते ते माणसाने पाडलेल्या छिद्रांतून. इंजिनाच्या बोल्टांची छिद्रे, पाणी काढून टाकण्याच्या बुचाचे भोक, शिडी वा कड्या बसविण्यासाठी मारलेले स्क्रू आणि पाठभिंतीची वरची कड, या चार जागा मुख्यत्वे तपासावयाच्या असतात. वरच्या कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी ठोकलेली असल्यास तिच्याखालील कड नीट बंद केली आहे किंवा नाही, हे पट्टी काढूनच पाहावे.

तपासणीस महागड्या उपकरणांची गरज नाही. लहान हातोडीच्या मुठीने भिंतीवर सर्वत्र ठोकून पाहावे. निरोगी भागातून टणक, स्वच्छ आवाज येतो, तर कुजलेल्या किंवा सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. इंजिन बसवून त्याच्या खालच्या भागावर हाताने जोर दिला असता भिंत हलताना दिसली, अथवा कोपऱ्यांत केसासारख्या भेगा आढळल्या, तर शंकेस जागा आहे. शेवटचा उपाय म्हणजे आतल्या बाजूने, खालच्या अंगास, बारीक छिद्र पाडून निघणारा भुसा तपासणे. तो कोरडा व फिकट असल्यास चिंता नाही. काळपट, ओला व आंबूस वासाचा असल्यास गाभा बदलणे अपरिहार्य ठरते. तपासणीची छिद्रे त्याच दिवशी बंद करावीत, अन्यथा तीच नव्या बिघाडाचे कारण होतील.

गाभ्याकडून चार अपेक्षा

गाभ्याची सामग्री निवडताना पहिला प्रश्न मजबुतीचा नव्हे, तर कोणत्या प्रकारच्या मजबुतीचा असा विचारावयास हवा. बोल्ट आवळल्यावर गाभा चिरडता कामा नये, ही पहिली अपेक्षा. दोन्ही थर एकमेकांवरून सरकू पाहतात, तेव्हा त्याने ते सरकणे रोखावे, ही दुसरी. रेझिनने त्यास पक्के धरावे, ही तिसरी. पाणी पोहोचलेच तर त्याने लगेच दम सोडू नये, ही चौथी. बाजारातील बहुतेक पदार्थ यांपैकी एकदोन अपेक्षा उत्तम रीतीने पुऱ्या करतात. चारही पुऱ्या करणारा पदार्थ विरळा, व तो महाग असतो.

लाकूड आणि प्लायवूड

लाकूड पाण्यात टिकत नाही, हा समज इतिहासास धरून नाही. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची परंपरा घडविली. त्याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. डांगच्या जंगलातील सागवान आणण्यासाठी बिलीमोरा ते वघई हा अरुंद रुळांचा रेल्वेमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला. असे असता पाठभिंतीसाठी सरळ सागवानी फळीच का वापरू नये, असा प्रश्न कोणासही पडेल.

याचे उत्तर लाकडाच्या दर्जात नसून त्याच्या स्वभावात आहे. अखंड फळी ओलाव्याबरोबर आडव्या दिशेने फुगते व आकसते. मोकळ्या जहाजबांधणीत ही हालचाल सांध्यांतून सामावून घेता येते. दोन थरांत कोंडलेल्या फळीस मात्र ती वाव नसल्याने थर सुटू लागतात. शिवाय सागवानातील नैसर्गिक तेल लाकडाचे रक्षण करते खरे, परंतु तेच रेझिनच्या पकडीस बाधक ठरते. प्लायवूडमध्ये एकाआड एक पापुद्र्यांचे तंतू काटकोनात ठेवलेले असल्यामुळे हे फुगणे-आकसणे फार कमी होते. म्हणून आजही लहान नौकांच्या पाठभिंतीसाठी प्लायवूड हाच सर्वाधिक वापरातील गाभा आहे.

येथे ‘वॉटरप्रूफ’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहू नये. फर्निचरसाठी मिळणारे सामान्य प्लायवूड आयएस ३०३ या मानकाखाली येते. सागरी वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ७१० हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. त्यातील चिकटविणारे रेझिन ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीस उतरावे लागते, आणि लाकडावर संरक्षक रसायनाची प्रक्रिया झालेली असावी लागते. फळीवर मानक चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो पडताळून पाहता येतो. फळी कापल्यावर कडेस पोकळ्या दिसल्यास ती परत करावी, कारण पोकळी ही पाण्यास आयती वाट असते. कापून उरलेला तुकडा काही तास उकळून, वाळवून पाहिला आणि त्याचे पापुद्रे सुटले, तर चिन्ह काहीही असले तरी ती फळी या कामाची नाही.

कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर संरक्षक प्रक्रिया करून व त्यास फायबरग्लासचे आवरण देऊन होड्या विकसित केल्या आहेत. मुळात फारसे टिकाऊ नसलेले लाकूडही योग्य प्रक्रिया व पूर्ण आवरण यांच्या साहाय्याने पाण्यात वापरता येते, हे यावरून दिसून येते.

फेस, बाल्सा आणि अन्य पर्याय

नौकेच्या बाजू व तक्तपोशी यांसाठी पीव्हीसी फेसाच्या हलक्या फळ्या उत्तम ठरतात. त्या कुजत नाहीत. परंतु घनमीटरला ८० किलोग्रॅम घनतेचा फेस दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोग्रॅम दाबाखालीच चिरडतो. इंजिनाच्या बोल्टाखाली याहून अधिक दाब सहज निर्माण होतो. त्यामुळे इंजिनाच्या जागी असा फेस वापरू नये. बाल्साचे लाकूड आडवे कापून, तंतू उभे ठेवून वापरले असता या फेसापेक्षा कितीतरी अधिक दाब सोसते व वजनानेही हलके असते. परंतु पाणी शिरल्यास ते लवकर कुजते. ज्या भिंतीत बोल्टांची छिद्रे अटळ आहेत, तेथे हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

काचतंतू मिसळलेल्या, उच्च घनतेच्या पॉलियुरेथेनच्या फळ्या हा अलीकडील पर्याय आहे. त्या कुजत नाहीत, रेझिनशी चांगल्या जोडल्या जातात आणि समान जाडीच्या प्लायवूडपेक्षा हलक्या असतात. मात्र त्या स्वतः प्लायवूडइतक्या ताठ नसल्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंस काचतंतूचे थर अधिक द्यावे लागतात. किंमतही बरीच अधिक पडते. नौका कायम उघड्यावर राहणार असेल आणि निधी उपलब्ध असेल, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. आतील थर कापणे शक्य नसेल तेथे वरून ओतावयाचे रेझिनयुक्त मिश्रण वापरण्याची पद्धतही आहे. परंतु तीत जुना कुजलेला गाभा तळापर्यंत पूर्ण खरवडून काढणे व पोकळी कोरडी करणे आवश्यक असते. हे काम डोळ्यांआड होत असल्याने त्यात कसूर राहून जाण्याचा संभव अधिक असतो.

काही पदार्थ मात्र सर्वथा वर्ज्य मानावेत. थर्मोकोल पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनने विरघळतो. पाण्याच्या टाकीच्या किंवा भाजी चिरण्याच्या पाटाच्या पॉलिथिनला रेझिन चिकटतच नाही. स्वयंपाकघरातील कपाटांसाठी विकल्या जाणाऱ्या प्लास्टिक-मिश्रित फळ्या पाण्याने कुजत नाहीत, एवढ्यावरून त्या इंजिनाचा भार सोसतील असे मानणे धोक्याचे आहे. त्या या भारासाठी बनविलेल्याच नसतात.

निवडीइतकेच जोडकामही महत्त्वाचे

वरील तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. उत्तम गाभा निष्काळजीपणे बसविला तर तो टिकत नाही, आणि साधे पण प्रमाणित प्लायवूड काळजीपूर्वक बंद केले तर ते दीर्घकाळ सेवा देते. पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या नौकेसाठी बहुधा १८ किंवा १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींस चिकटवून गाभा तयार करण्यात येतो. तथापि जुन्या गाभ्याची जाडी व इंजिन-निर्मात्याच्या सूचना यांच्याशी ती जुळविणे आवश्यक आहे.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन काढून नौकेस खालून व दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, नाहीतर गाभा निघताच तिचा आकार बिघडतो. आतील थर कापताना कडेने चार बोटे पट्टी शिल्लक ठेवावी. कुजलेला गाभा पूर्ण काढून पृष्ठभाग घासून घ्यावा व पूर्ण वाळू द्यावा. नवीन गाभ्याच्या सर्व कडांना, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सी रेझिनचे दोन-तीन हात द्यावेत. लाकडाशी पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सीची पकड अधिक भरवशाची असते, व जुन्या पॉलिएस्टर नौकेवरही ती चांगली बसते. मात्र पॉलिएस्टरसाठी बनविलेली तुकडे-काचतंतूची चटई इपॉक्सीबरोबर वापरू नये. तिचा बंध इपॉक्सीत नीट सुटत नाही. तेथे विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. गाभा व तळ यांच्या कोपऱ्यात घट्ट मिश्रणाची गोलाई द्यावी आणि त्यावरून काचतंतूचे थर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद करीत न्यावेत, म्हणजे भार एका रेषेवर न पडता विभागला जातो.

शेवटी बोल्टांची छिद्रे. ती प्रथम मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावीत, आणि ते वाळल्यावर त्याच्या मध्यातून योग्य मापाचे छिद्र घ्यावे. असे केल्यास पुढे बोल्टाभोवतीचे सीलबंद द्रव्य सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. या कामास फारतर एखादा दिवस अधिक लागतो, परंतु पाठभिंतीचे आयुष्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

पॉलिएस्टर वापरताना उत्प्रेरक व कोबाल्ट प्रवेगक ही दोन रसायने एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. प्रत्येक रसायन रेझिनमध्येच, स्वतंत्रपणे मिसळावे. काम हवेशीर जागी, हातमोजे, चष्मा व मुखपट्टी वापरूनच करावे. पावसाळी दमट हवेत हे काम हाती घेऊ नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्यास योग्य होय.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात केवळ ‘फायबर दुरुस्ती’ एवढाच शब्दप्रयोग केल्यास गाभ्याविषयी काहीच बंधन राहत नाही. गाभ्याचा पदार्थ व त्याचे मानक, एकूण जाडी, कडा व छिद्रे बंद करण्याची पद्धत, आणि आतील थर लावण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी, या चार बाबी निविदेत स्पष्टपणे नमूद केल्या जाव्यात. एकदा थर लागला की आत काय आहे हे कोणासही दिसत नाही. म्हणून पाहणीची वेळ तीच होय. दुरुस्तीचा दिनांक व वापरलेली सामग्री यांची नोंद नौकेच्या नोंदवहीत ठेवावी.

नौका छपराखाली, पुढचा भाग किंचित उंच करून, बूच काढून ठेवावी. रस्त्याने नेताना इंजिन उतरवून न्यावे. एप्रिलअखेरपर्यंत पाठभिंतीची हातोडीने तपासणी करून इंजिनासह पाण्यावर चाचणी घ्यावी. पुराचे पाणी दाराशी आल्यावर हातोडीने ठोकून पाहण्यास सवड नसते. त्या वेळी नौकेत बसणारी वृद्ध माणसे, स्त्रिया व मुले केवळ विश्वासाने पाय टाकतात. तो विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी, पाणी येण्याच्या कितीतरी आधी, कोरड्या अंगणात उभ्या असलेल्या नौकेपाशीच पार पाडावी लागते.